उत्तर ऱ्होनची सिराह: दुकानातल्या लेबलापासून जेवणाच्या ताटापर्यंत

फ्रान्सची रेड वाईन मुद्दाम महागाची आणली आणि तरी ती कडवट, जळजळीत किंवा नुसतीच आंबट लागली, अशी तक्रार असेल तर दोष बहुधा बाटलीचा नसतो. बाटली तीस अंशांच्या खोलीतून थेट टेबलावर येते, उघडल्या उघडल्या पेल्यात ओतली जाते आणि शेजारी झणझणीत रस्सा असतो. या तिन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी जुळून आल्या तर कुठलीच वाईन टिकाव धरत नाही.

या लेखात एकच द्राक्ष आणि एकच प्रदेश घेतला आहे. द्राक्ष सिराह, आणि प्रदेश ऱ्होन नदीकाठचा व्हिएन ते व्हालांस या दोन शहरांमधला अरुंद पट्टा. ‘फ्रेंच रेड’ या एका नावाखाली बोजोले भागाचं हलकं गामे आणि मादिराँ भागाचं दणकट ताना ही दोन्ही द्राक्षं येतात. दोन्हींना एकच नियम लावला तर एकाचं तरी नुकसान ठरलेलं, म्हणून इथे फक्त सिराहचं बघू. नाशिकच्या बाटल्यांवर ‘शिराझ’ लिहिलेलं असतं ते हेच द्राक्ष, त्यामुळे चौथ्या टप्प्यापासून पुढचं बरंचसं तिथल्या वाईनलाही लागू पडेल.

आधी दिवसाचा क्रम ठरवा

जेवण रात्री नऊला आहे आणि घरात तीसेक अंश तापमान आहे असं धरून चालू.

- दोन दिवस आधी: पदार्थ ठरवा. बाटली दहा वर्षांपेक्षा जुनी असेल तर ती आडवी असल्यास उभी करा.
- सकाळी: पेले आणि काचेचा जग नुसत्या गरम पाण्याने धुऊन उपडे ठेवा.
- ६:३०: बाटली उघडा, वास घ्या, घोटभर चव बघा.
- ६:४५: वाईन जगमध्ये ओता.
- ७:३०: वाईन परत बाटलीत भरा आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवा.
- ९:००: टेबलावर.

हा क्रम तरुण, दणकट बाटलीसाठी आहे. हलक्या आणि जुन्या बाटल्यांसाठी तो बदलतो, ते पुढे येईलच. पण एक गोष्ट आत्ताच लक्षात घ्या: आपल्या हवेत आधी हवा द्यायची आणि मग थंड करायचं. बहुतेक जण उलट करतात. बाटली फ्रिजमधून काढतात, जगमध्ये ओततात आणि दीड-दोन तास तशीच ठेवतात. जेवायला बसेपर्यंत वाईन पुन्हा २८ अंशांवर पोचलेली असते आणि फ्रिजचा काहीच उपयोग झालेला नसतो.

टप्पा १: लेबलवर द्राक्ष शोधू नका, गाव शोधा

फ्रान्सच्या नावाजलेल्या वाईनवर द्राक्षाचं नाव बहुतेक वेळा नसतंच. ‘आपेलासिओं’ आणि ‘कोंत्रोले’ किंवा ‘प्रोतेजे’ या शब्दांच्या मधे जे नाव येतं ते गावाचं किंवा परिसराचं. त्या नावाला कायद्याने द्राक्षं ठरवून दिलेली असतात. म्हणून गाव वाचता आलं की द्राक्ष आपोआप कळतं. उत्तर ऱ्होनमध्ये लाल वाईनसाठी मुख्य द्राक्ष एकच, सिराह. लक्षात ठेवायची नावं पाच.

क्रोझ-एर्मिताज. पाचांतला सर्वांत मोठा परिसर, नदीच्या डाव्या काठावर. किंमत साधारणपणे सर्वांत कमी. काळी फळं, मिरी, थोडा ऑलिव्हचा वास. पहिली बाटली घ्यायची तर हीच घ्या. सुरुवातच एर्मिताजपासून केली तर मोजलेले पैसे कशासाठी ते जिभेला कळत नाही.

सँ-जोझेफ. नदीच्या उजव्या काठाने पन्नासेक किलोमीटर पसरलेला पट्टा. १९५६ साली हे नाव मिळालं तेव्हा त्यात सहाच गावं होती. १९६९ मध्ये ती २६ झाली. त्यामुळे एकाच नावाखाली फार चांगली आणि फार साधी अशा दोन्ही वाईन मिळतात. लेबलच्या तळाशी उत्पादकाचा पत्ता असतो. तिथे माव्ह किंवा तुर्नों दिसलं तर तो मूळ सहा गावांतला आहे. द्राक्षं त्याच गावातली असतील याची ही खात्री नव्हे, पण अंदाजाला उपयोगी.

कोर्नास. शंभर टक्के सिराह, दुसरं द्राक्ष मिसळायला परवानगीच नाही. ग्रॅनाइटच्या उतारावरची, गडद आणि तुरट. घाईच्या संध्याकाळी हिच्या वाटेला जाऊ नका.

कोत-रोती. नावाचा अर्थ ‘भाजलेला उतार’. इथे व्हिओनिए हे पांढरं द्राक्ष २० टक्क्यांपर्यंत मिसळता येतं आणि ते सिराहसोबतच आंबवतात. त्यामुळे वासात व्हायोलेटच्या फुलाची झाक येते. पाचांतली सर्वांत सुगंधी वाईन ही.

एर्मिताज. तँ-लेर्मिताज या गावामागची एकच टेकडी, लागवड जेमतेम १३५ हेक्टरांच्या आसपास. मार्सान आणि रूसान ही पांढरी द्राक्षं १५ टक्क्यांपर्यंत चालतात, पण लाल वाईनमध्ये ती क्वचितच घालतात. दुकानात ‘हर्मिटेज’ म्हणालात तरी कळेल, स्पेलिंग तसंच दिसतं.

> सावधान: क्रोझ-एर्मिताज आणि एर्मिताज एक नव्हेत. पहिली टेकडीभोवतालच्या परिसरातली, दुसरी खुद्द टेकडीवरची. किंमतीत कित्येक पटींचा फरक असतो.

सर्वांत जास्त होणारी चूक ‘कोत-द्यू-ऱ्होन’ या नावाबाबत होते. ऱ्होनची म्हणजे सिराहच, असं समजून लोक ती घेतात. प्रत्यक्षात या नावाची बरीचशी वाईन दक्षिण ऱ्होनमधली असते आणि तिच्यात ग्रनाश द्राक्षाचा वाटा मोठा असतो. ती गोलसर, गरम, स्ट्रॉबेरीकडे झुकणारी लागते. वाईट नव्हे, पण वेगळी. शातोनफ-द्यु-पाप आणि जिगोंदास यांचंही तेच.

खिसा सांभाळून सिराहच हवी असेल तर ‘कोलीन रोदानियेन’ लिहिलेली बाटली बघा. हा उत्तर ऱ्होनच्या आसपासचाच मोठा परिसर, नियम सैल, आणि लेबलवर बऱ्याचदा सिराह असं स्पष्ट लिहिलेलं असतं. कोत-रोतीचे काही उत्पादकही आपली साधी सिराह याच नावाखाली विकतात. ‘पेई दोक’ लिहिलेली सिराह भूमध्य समुद्राजवळच्या उष्ण भागातली. ती अधिक पिकलेली असते आणि तिच्यात मिरी कमी जाणवते. अमेरिकेत राहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: तिथल्या दुकानांतली ‘पेटीट सिरा’ ही सिराह नव्हे. ते द्यूरिफ नावाचं वेगळं द्राक्ष, सिराहचं अपत्य.

> तपासणी: ‘रूज’ हा शब्द पाहिलात का? क्रोझ, सँ-जोझेफ आणि एर्मिताज या तिन्ही नावांनी पांढरी वाईनही निघते आणि गडद हिरव्या बाटलीत ती ओळखू येत नाही.

टप्पा २: वर्ष बघा, पण बाटलीची तब्येत जास्त बघा

साधारण हिशेब असा. क्रोझ-एर्मिताज द्राक्षांच्या वर्षापासून २ ते ६ वर्षांत प्यावी. सँ-जोझेफ ३ ते ८. कोत-रोती आणि कोर्नास ६ ते १५. एर्मिताज १० वर्षांच्या आत उघडणं म्हणजे कच्चा आंबा पाडून आणणं. चांगल्या वर्षाची २० वर्षांपुढेही जाते.

काही वर्षांचे स्वभाव माहीत असलेले बरे. २०१० आणि २०१५ भरदार, टिकाऊ. २०२१ मध्ये एप्रिलात हिमतुषार पडला आणि उन्हाळाही थंड गेला. त्या वर्षाच्या वाईन हलक्या, मिरीदार आणि लवकर पिण्याजोग्या. ज्यांना जड वाईन सोसत नाही त्यांनी मुद्दाम २०२१ शोधावी. २०२२ उष्ण आणि कोरडं, वाईन दाट.

भारतात बाटली किती उन्हातून आली आहे हे वर्षापेक्षा महत्त्वाचं. दुकानात तीन गोष्टी बघा. बूच बाटलीच्या तोंडापेक्षा वर आलेलं नको. वेष्टणाखाली चिकट ओघळ नको. तरुण बाटलीत वाईनची पातळी मानेत असायला हवी, खांद्यापर्यंत उतरलेली नको. बूच वर आलंय याचा अर्थ आतली वाईन तापून फुगली होती. अशी बाटली सवलतीत मिळाली तरी घेऊ नका. काचेच्या दर्शनी कपाटात दिव्याखाली उभी असलेली बाटलीही टाळा; मागच्या बाजूची, खोक्यातली मागा.

टप्पा ३: घरी आणल्यावर

१२ ते १४ अंश, अंधार, बाटली आडवी. वाईनचं कपाट नसेल तर पुण्यामुंबईच्या घरात ही जागा कुठेच नसते, हे मान्य करून पुढचं ठरवा. दोन-तीन आठवड्यांत पिणार असाल तर घरातल्या सर्वांत थंड खोलीत, कपाटाच्या तळाशी, कापडात गुंडाळून ठेवा. त्याहून जास्त दिवस, विशेषतः मार्च ते जून, बाटली साध्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवलेली बरी. फ्रिजची हवा कोरडी असते आणि वर्षानुवर्षं तिथे ठेवलं तर बूच आकसतं, पण काही महिन्यांनी बिघडत नाही. ३५ अंशांचा एक उन्हाळा मात्र नक्की बिघडवतो.

फ्रिजच्या माथ्यावर ठेवणं ही सर्वांत वाईट जागा. तिथे उष्णताही असते आणि सततची थरथरही. ओट्यावरच्या मांडणीचंही तेच.

एर्मिताज किंवा कोर्नास दहा वर्षं मुरवायची आहे आणि थंड कपाट नाही? मग ती तरुण विकत घेऊ नका. त्याच पैशांत पिण्याजोग्या झालेल्या क्रोझच्या दोन बाटल्या घ्या.

टप्पा ४: ताट आधी ठरवा

वाईन उघडून झाल्यावर ‘सोबत काय करूया’ असं विचारलं जातं तिथेच गाडी घसरते. पदार्थ दोन दिवस आधी ठरवायचा, कारण सिराहची जोडी जमते किंवा फिसकटते ती पाच गोष्टींवर: मीठ, स्निग्धता, तिखट, गोड आणि मासळी.

*मीठ आणि स्निग्धता.* वाईनमधला तुरटपणा टॅनिनचा. टॅनिन तोंडातल्या लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, म्हणून जीभ कोरडी पडते. घासात मांसाची प्रथिनं आणि चरबी असली की टॅनिन त्यांना चिकटतं आणि वाईन मऊ लागते. मीठ कडवटपणा दाबतं. त्यामुळे अळणी पदार्थासोबत सिराह कडू वाटते आणि त्याच पदार्थात चिमूटभर मीठ वाढवलं की तीच वाईन सुधारते. हा प्रयोग एकदा करून बघाच: उकडलेल्या बटाट्याच्या दोन फोडी, एक अळणी, एक मीठ-लोणी लावलेली, आणि दोन्हींनंतर एकेक घोट.

*तिखट.* लाल मिरचीची आग आणि अल्कोहोलची आग एकमेकींना वाढवतात. १३ ते १४.५ टक्के अल्कोहोलची वाईन तांबड्या रश्श्यासोबत घेतली तर दोन्हींची चव जाते, उरते ती फक्त जळजळ. मिसळ, ठेचा, सावजी यांच्या वाटेला सिराह नेऊ नका. काळी मिरी मात्र चालते, नव्हे हवीच. सिराहमधला मिरीचा वास भासाचा नाही. रोटंडोन नावाचं तेच संयुग काळ्या मिरीतही असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ते २००८ मध्ये शिराझमध्ये दाखवून दिलं. त्याच संशोधनात असंही दिसलं की पाचातल्या साधारण एकाला हा वास येतच नाही. तेव्हा टेबलावर कुणी ‘मला मिरी-बिरी काही लागत नाही’ म्हणालं तर वाद घालू नका.

*गोड.* पदार्थ वाईनपेक्षा गोड असला की वाईन आंबट आणि पातळ वाटते. गुळाची आमटी, चिंचगुळाचं काहीही, केचप, गोड बार्बेक्यू सॉस, सगळं यात आलं. श्रीखंड किंवा चॉकलेट केकसोबत तर अजिबात नको.

*मासळी.* रेड वाईनमधलं लोह माशातल्या तेलांशी प्रक्रिया करतं आणि तोंडात उग्र, धातूसारखी मासळी चव उरते. बांगडा, सुरमई, तारली अशा तेलकट माशांसोबत हे हमखास होतं. सुकट-बोंबलाची चटणी बाजूला असली तरी पुरे.

आता काय जमतं ते. ऱ्होनकाठची माणसं सिराहसोबत जे खातात त्यात वरच्या पाचही गोष्टी आपोआप सांभाळल्या जातात. थाइम-लसूण लावून भाजलेली कोकराची तंगडी. तासन्‌तास मंद शिजवलेलं बीफ, ज्याला दोब म्हणतात. लिओं शहराचं सोसिसों, म्हणजे सुकवलेलं सॉसेज. आर्देशची कायेत, म्हणजे डुकराचं मांस आणि चार्डची पानं यांचा भाजलेला गोळा. नियोंच्या काळ्या ऑलिव्हची तापनाद चटणी. जंगली मशरूम. आर्देशच्याच चेस्टनटसोबत बदक.

चीजबाबत एक गैरसमज पक्का आहे की रेड वाईनसोबत कुठलंही चीज चालतं. ब्रीसारख्या मऊ, पांढऱ्या सालीच्या चीजसोबत तुरट सिराह कडू आणि धातूसारखी लागते. कोंते, बोफोर किंवा जुनं चेडर असं कठीण, मुरलेलं चीज घ्या. शेळीच्या दुधाचं पिकोदों याच भागातलं; ते सुकत आलेलं असेल तर क्रोझसोबत चांगलं, ताजं आणि आंबट असेल तर शेजारी पांढरी वाईनच ठेवावी.

शाकाहारी ताट करायचं तर भाजकेपणा, मीठ आणि स्निग्धता या तिघांवर भर द्या. लोण्यात लालसर परतलेले मशरूम, वर मिरी. निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, हिरवी मिरची जवळपास वगळून, तेल आणि लसूण जरा सढळ. काळ्या ऑलिव्हची चटणी लावलेला भाजका पाव. राजमा किंवा मसूर मंद आचेवर, टोमॅटो कमी ठेवून. पनीर एकटं फिकं पडतं. मीठ-मिरी लावून तव्यावर खरपूस केलं तरच टिकतं.

मराठी मांसाहारी ताटातला सर्वांत सोपा जोडीदार म्हणजे काळ्या मसाल्याचं सुकं मटण. भाजलेलं खोबरं, दगडफूल, मिरी, लवंग यांचा धुरकट वास सिराहच्या वासाला लागूनच आहे. अट एकच, लाल तिखट नेहमीच्या तिसऱ्या हिश्शावर आणायचं. पातळ रस्सा नको, कांद्या-लिंबाची कोशिंबीर नको, लोणचं नको. सोलकढी जेवणानंतर प्या.

*एक खात्रीचा पदार्थ: ऑलिव्ह घालून मंद शिजवलेलं मटण*

फ्रेंच पुस्तकातली कोकराची तंगडी आतून गुलाबी ठेवतात. आपल्याकडचं मटण बहुतेक बकऱ्याचं, कमी चरबीचं आणि जास्त चिवट. ते गुलाबी भाजलं तर चावत बसावं लागतं. म्हणून भाजण्याऐवजी मंद शिजवा. चार जणांना पुरेल.

मटण हाडासकट, मांडीचे किंवा खांद्याचे मोठे तुकडे १ किलो, मीठ १० ग्रॅम, तेल ३ चमचे, मध्यम कांदे २, लसूण ८ पाकळ्या, कुठलीही कोरडी रेड वाईन २५० मिली, पाणी ३०० मिली, सुकं थाइम १ चहाचा चमचा, तमालपत्रं २, संत्र्याच्या सालीची बोटभर पट्टी, बिया काढलेले काळे ऑलिव्ह ६० ग्रॅम, भरड मिरी १ चहाचा चमचा.

१. आदल्या रात्री मटणाला मीठ चोळून फ्रिजमध्ये झाकून ठेवा. ऑलिव्ह खारट असतात, म्हणून मीठ एवढंच.
२. शिजवण्याआधी तुकडे फडक्याने कोरडे करा. गरम तेलात थोडे थोडे घालून सगळ्या बाजूंनी तपकिरी करा. सगळे एकदम टाकलेत तर पाणी सुटतं आणि रंग येत नाही.
३. तुकडे काढून त्याच तेलात कांदा-लसूण १० मिनिटं परता.
४. वाईन ओता आणि निम्मी होईपर्यंत उकळा. ही पायरी गाळली तर रसात कच्च्या दारूचा वास राहतो.
५. मटण, पाणी, थाइम, तमालपत्र, साल घाला. घट्ट झाकण लावून अगदी मंद आचेवर किंवा १५० अंशांच्या ओव्हनमध्ये अडीच तास.
६. शेवटच्या २० मिनिटांत ऑलिव्ह घाला. मिरी आच बंद केल्यावर घाला. आधी घातली तर तिचा वास उडून जातो आणि जोडी जमवणारा धागाच जातो.

कुकरमध्ये केलंत तर पाणी निम्मं घ्या आणि वाफ गेल्यावर झाकण काढून रस चमच्याला चिकटेपर्यंत आटवा. स्वयंपाकात एर्मिताज ओतू नका, आणि आठवडाभर उघडी पडून आंबलेली वाईनही नको. सोबत पाव, उकडलेले बटाटे किंवा तांदळाची भाकरी.

टप्पा ५: उघडा आणि तपासा

जेवणाच्या अडीच तास आधी उघडायचं ते एवढ्यासाठी की बाटली बिघडलेली निघाली तर दुसरी तयार करायला वेळ राहतो.

वेष्टण बाटलीच्या ओठाखालच्या कड्याच्याही खाली कापा, म्हणजे ओतताना वाईन धातूला लागत नाही. बुचाच्या मधोमध स्क्रू लावा, एक वळसा बाहेर राहील इतपत आत घ्या, दोन खाचांच्या ओपनरने दोनदा टेकू देऊन उचला. दहा वर्षांपेक्षा जुनं बूच ठिसूळ असतं, ते हळू. तुटलंच तर उरलेला तुकडा आत ढकलून द्या आणि वाईन चहाच्या स्वच्छ गाळण्यातून गाळा. चव बिघडत नाही.

आता वास. इथे माणसं दोन उलट चुका करतात: चांगली वाईन फेकतात आणि खराब वाईन पितात.

- विझलेल्या काडीचा, रबराचा किंवा उकडलेल्या अंड्याचा वास: सिराहमध्ये नेहमीचा. आंबवताना हवा कमी मिळाली की गंधकाची संयुगं तयार होतात. जगमध्ये ओतून पाऊण तास थांबा; बहुतेक वेळा जातो.
- ओल्या पुठ्ठ्याचा, बुरशी आलेल्या गोणपाटाचा वास: बुचाचा दोष. हवेने जात नाही, उलट वाढतो. बाटली परत करा.
- तबेल्याचा किंवा बँडेजपट्टीचा वास: ब्रेटानोमायसीस या यीस्टचा. किंचित असेल तर काहींना आवडतो. फळाचा वास पुरता झाकला असेल तर दोषच.
- नेलपॉलिश रिमूव्हर किंवा शिरका: गेलेली वाईन.
- शिजवलेल्या मनुकांचा, सपाट वास आणि कडांना तपकिरी रंग, तोही तीन-चार वर्षांच्या बाटलीत: उन्हात तापली आहे.

> सावधान: हे तपासताना स्वयंपाकघरात उभे राहू नका. फोडणीच्या धुरात, उदबत्तीजवळ किंवा केसात गजरा असताना वासाबद्दल काहीच सांगता येत नाही.

टप्पा ६: हवा द्या

दीड लिटरचा रुंद काचेचा जग पुरतो, खास डिकँटर लागत नाही. तरुण क्रोझला जगची गरज नाही. जेवणाआधी अर्धा तास बाटली उघडली आणि पेल्यात फिरवली की झालं. तरुण सँ-जोझेफला अर्धा तास जगमध्ये. कोत-रोतीला तास. तरुण कोर्नासला दोन तास द्यावे लागतात, पण तीस अंशांच्या घरात दोन तास जग उघडा ठेवणं बरं नाही. तिथे पाऊण तास जगमध्ये, मग बाटली साध्या पाण्याने विसळून, पूर्ण निथळवून, वाईन स्टीलच्या फनेलने परत बाटलीत. दोनदा ओतण्याने मिळालेली हवा लांबलेल्या वेळेची बरीचशी भरपाई करते. बाटली बूच न लावता फ्रिजमध्ये ठेवा, पण शेजारी चिरलेला कांदा किंवा खरवस नको.

बूच नुसतं काढून बाटली दोन तास उभी ठेवणं म्हणजे हवा देणं नव्हे. मानेतला रुपयाएवढा पृष्ठभागच तेवढा हवेला लागतो.

पंधरा वर्षांपुढच्या बाटलीचा प्रकार निराळा. तिथे ओतायचं ते हवेसाठी नाही, गाळ वेगळा करायला. ती ६:३० ला उघडायची नाही. आधीच थंड करून ठेवा, जेवायच्या दहा मिनिटं आधी मानेखाली टॉर्च धरून, न थांबता, हळू धारेने ओता आणि मानेत गाळाची काळी रेघ दिसताच थांबा. शेवटची अर्धी वाटी सोडून द्या. जुना सुगंध अर्ध्या-पाऊण तासात विरतो.

टप्पा ७: तापमान

‘रेड वाईन खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला युरोपातल्या जुन्या, थंड घरांचा आहे, जिथे खोली १६-१७ अंशांची असायची. आपली खोली तशी नाही. २८ अंशांची सिराह घेतली की अल्कोहोल नाकात चढतं, फळ मुरंब्यासारखं लागतं आणि मिरी सापडत नाही. उलट १० अंशांवर टॅनिन टोचतं आणि वास मिटून जातो.

क्रोझ १५ अंश. सँ-जोझेफ आणि कोत-रोती १६. कोर्नास आणि एर्मिताज १७.

तीस अंशांची बाटली फ्रिजमध्ये १७ वर यायला साधारण दीड तास लागतो. घाई असेल तर बादलीत निम्मं बर्फ, निम्मं पाणी घालून बाटली मानेपर्यंत बुडवा. १२ ते १५ मिनिटं पुरतात. नुसता बर्फ घालू नका, पाण्याशिवाय काचेला थंडावा नीट लागत नाही. लंडन किंवा टोरोंटोच्या २०-२१ अंशांच्या घरात फ्रिजमध्ये अर्धा-पाऊण तास बस.

> तपासणी: स्वयंपाकाचा थर्मामीटर पहिल्या पेल्यात बुडवा. तो नसेल तर बाटलीला तळहात लावा: स्पष्ट गार लागली पाहिजे, पण काचेवर दव जमता कामा नये. दव जमलं असेल तर दहा मिनिटं थांबा. पावसाळ्यात ही खूण चालत नाही. दमट हवेत १७ अंशांच्या बाटलीवरही दव येतं.

एक-दोन अंश थंडच वाढा. पेल्यात ती आपोआप चढते, उतरत मात्र नाही.

टप्पा ८: ओतणं आणि वाढणं

पेला पोटात रुंद, तोंडाशी अरुंद, आणि भरायचा एक तृतीयांशच, १०० ते १२० मिली. गरम घरात तर शंभरच. थोडं थोडं पुन्हा ओतलेलं बरं. ७५० मिलीच्या बाटलीत असे सहा-सात पेले होतात. मसाल्याच्या कपाटात किंवा डांबराच्या गोळ्या ठेवलेल्या शोकेसमध्ये उपडे ठेवलेले पेले तो वास धरून ठेवतात, म्हणून सकाळचं धुणं टाळू नका.

दोन वाईन असतील तर हलकी आधी: क्रोझ, मग कोर्नास. पहिला घोट रिकाम्या तोंडी घेऊ नका. मिठाचे भाजलेले बदाम किंवा ऑलिव्ह लावलेला पाव आधी द्या. पापड-लोणच्याची ताटली वाईनच्या आधी फिरली तर तासभर जीभ कामाची राहत नाही. पाण्याचा ग्लास प्रत्येकाच्या शेजारी हवाच.

टप्पा ९: उरलेली वाईन

बूच लावून लगेच फ्रिजमध्ये, उभी. दोन ते तीन दिवस. तरुण कोर्नास दुसऱ्या दिवशी बऱ्याचदा जास्त चांगली लागते. अर्धी बाटलीच प्यायची आहे हे आधीच माहीत असेल तर उघडल्याबरोबर, जगमध्ये ओतण्याआधी, ३७५ मिलीची स्वच्छ छोटी बाटली काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा. हवाच नसल्यामुळे ती फ्रिजमध्ये आठवडाभर राहते. जुनी, गाळ काढलेली वाईन ठेवू नका, त्याच रात्री संपवा. उघड्या बाटलीला शिरक्याचा वास यायला लागला की ती स्वयंपाकातही घालायची नाही.